गलाईच्या धंद्यातले भांडवल

आपल्या मंडळाची वर्गणीची वही उघडली की विटा, आटपाडी, तासगाव, खटाव ही नावे पानोपानी भेटतात. या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर गेलेल्या आणि इथे कोईमतूरमध्ये स्थिरावलेल्या गलाई बांधवांविषयी बोलताना कष्ट आणि प्रामाणिकपणा हे शब्द हटकून येतात. ते खरेच आहेत. पण बरीच वर्षे त्यांच्यापैकी काहींचे जमाखर्च लिहीत आल्यामुळे मला या इतिहासाची पैशाची बाजू मांडावीशी वाटते.

आरंभी भांडवल फारसे लागत नसे. भट्टी, मूस, चिमटा, तराजू, ॲसिड आणि बाजारपेठेतली एखादी कोंदट खोली. जुन्या दागिन्यांत चांदी मिसळून सोन्याचा हिस्सा चौथाईवर आणायचा व ते नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचे. चांदी-तांबे विरघळते, सोने तळाशी राहते. त्या ॲसिडात पुढे तांब्याचे पत्रे सोडले की चांदीही परत मिळते. सोने सोनाराचे, आपली फक्त मजुरी. म्हणजे खरे भांडवल दुसऱ्याचे, आणि ते रात्रभर आपल्या खोलीत! गावच्या पोराला कामाला आणायचे, तयार झाला की त्याला दुसऱ्या शहरात दुकान लावून द्यायचे, ही रीत त्यातूनच पडली असावी. सोनार ओळखीवर सोने देई. जामीन एकच, गावाचे नाव.

1963 च्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आले. 14 कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने करण्यास बंदी झाली. 1968 च्या कायद्याने परवाने व नोंदवह्या पक्क्या केल्या. तो कायदा 1990 मध्ये रद्द झाला.

पुढे अनेकांनी मजुरी सोडून जुने सोने स्वतः विकत घ्यायला सुरुवात केली. नफा वाढला, पण हिशेबच बदलला. 100 ग्रॅम सोन्यात 2000 साली सुमारे 44 हजार रुपये अडकत; 2011 मध्ये अडीच लाखांवर, 2025 मध्ये दहा लाखांवर. दुकान तेच, भट्टी तीच, माणसे तेवढीच. हा वाढीव पैसा आणायचा कुठून? मी पाहिलेल्या वह्यांत तो भिशीतून, पाहुण्यांकडून आणि व्याजाने आलेला दिसतो. एप्रिल 2013 मध्ये चार-पाच दिवसांत दहा ग्रॅममागे भाव दोन हजारांहून अधिक उतरला. सकाळी घेतलेले सोने संध्याकाळी विकणाऱ्यांना त्याची झळ थोडी लागली. भाव चढेल म्हणून व्याजाच्या पैशाचे सोने धरून बसलेल्यांपैकी दोघांनी दुकान बंद केले. कामात ते दोघेही कुणाहून कमी नव्हते.

हल्ली गावाकडची जमीन तारण ठेवून दुकान टाकू पाहणारी मुले सल्ल्याला येतात. मी आधी विचारतो, घेतलेले सोने हातात किती दिवस राहणार? मागच्या महिन्यात एकजण म्हणाला, "चार दिवस, काका." चार दिवसांचे व्याज आणि तेवढ्या काळातला भावाचा चढउतार त्याला कागदावर मांडून दिला. कागद घेऊन गेला आहे, अजून फिरकलेला नाही.