मुंबईतील स्वस्त मुक्काम : लॉज निवडताना काय पाहावे?

मुंबईत मुक्कामाला येणारा प्रत्येकजण पर्यटक नसतो. कुणाची उच्च न्यायालयात तारीख असते, कुणाची फाईल मंत्रालयात अडकलेली असते. कुणाला मुलाखतीला हजर राहायचे असते, तर कुणाच्या घरातील रुग्णाला टाटा स्मारक रुग्णालयात दाखवायचे असते. गावाहून निघतानाच या सर्वांना एक प्रश्न पडलेला असतो : रात्री पाठ कुठे टेकायची? पंचतारांकित हॉटेलांची माहिती सहज मिळते. मात्र हजार-दीड हजार रुपयांत बरी खोली हवी असणाऱ्याला बहुधा स्थानकाबाहेर भेटणाऱ्या दलालावरच विसंबून राहावे लागते. अशा मुक्कामाचे प्रकार, त्यांचे हिशेब, नियम आणि धोके ठाऊक असतील, तर पैसे वाचतात आणि मनस्तापही टळतो.

लॉज, खानावळ आणि धर्मशाळा

मराठी माणसाच्या बोलण्यात 'हॉटेल' म्हणजे चहा-नाश्त्याची जागा आणि मुक्कामाची जागा म्हणजे 'लॉज'. जुन्या इमारतींवर आजही दिसणाऱ्या 'लॉजिंग-बोर्डिंग' या पाटीचा अर्थ राहणे आणि जेवणे दोन्हीची सोय, असा आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह याच परंपरेतले. लोकमान्य टिळकांचा मुंबईतील मुक्काम तेथे असे आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले.

गिरणगावाने निवाऱ्याची वेगळी व्यवस्था उभी केली. एकाच गावच्या कामगारांनी मिळून भाड्याने घेतलेली गावकीची खोली आणि जेवणासाठी लावलेली खानावळ, हे तिचे स्वरूप. गावाहून नव्याने आलेल्या माणसाची पहिली रात्र अशाच खोलीत जाई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या ओसरल्या आणि ही व्यवस्थाही विरळ झाली.

व्यापारी आणि यात्रेकरूंसाठी सी. पी. टँक-भुलेश्वर भागात माधवबाग, हिराबाग यांसारख्या धर्मशाळा उभ्या राहिल्या. हज यात्रेकरूंसाठी क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात मुसाफिरखाना आणि पुढे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळ (सीएसएमटी) हज हाऊस झाले. गावातील कार्यकर्ता आमदाराचे पत्र घेऊन आमदार निवासात उतरतो, हाही स्वस्त मुक्कामाचाच एक प्रकार आहे.

कोठे उतरावे?

काम कोठे आहे, हे पाहूनच मुक्कामाची जागा ठरवावी. मुंबई उत्तर-दक्षिण लांबट पसरलेली आहे. गर्दीच्या वेळी प्रवासात जाणारे दोन-तीन तास खोलीभाड्यातील शे-दोनशेच्या बचतीपेक्षा महाग पडतात.

न्यायालय, मंत्रालय किंवा महापालिका मुख्यालयात काम असल्यास फोर्ट आणि सीएसएमटी परिसरातील गेस्ट हाऊस सोयीची. कुलाब्यात परदेशी पर्यटकांची ये-जा असल्याने दर चढे असतात. काळबादेवी, भुलेश्वर, ग्रँट रोड या व्यापारी पट्ट्यात खोल्या लहान, पण दर आवाक्यातले. दादर मध्य आणि पश्चिम अशा दोन्ही रेल्वेमार्गांवर आहे, त्यामुळे ज्यांची कामे शहरभर विखुरलेली आहेत त्यांनी तेथे उतरावे. विमानतळासाठी अंधेरी आणि विलेपार्ले हे पर्याय आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्णपणे सुरू झाली. विमानतळ, दादर, मुंबई सेंट्रल आणि सीएसएमटी एकाच मार्गावर आल्याने विमानाने येणाऱ्याला विमानतळाजवळच राहण्याची गरज उरलेली नाही.

रात्री उशिरा पोहोचणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असतात, दक्षिण मुंबईत रिक्षांना परवानगी नाही आणि मध्यरात्र ते पहाटे पाच या वेळेत टॅक्सीचे भाडे सव्वापट होते.

रेल्वेचे विश्रामकक्ष आणि पॉड

केवळ एक रात्र काढायची असेल, तर रेल्वेचे विश्रामकक्ष आणि शयनगृह यांचा विचार आधी करावा. निश्चित किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर त्यांचे आरक्षण आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून करता येते. जागा मोजक्याच असल्याने तिकीट काढताच प्रयत्न केलेला बरा.

नोव्हेंबर २०२१ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकात भारतीय रेल्वेचे पहिले पॉड हॉटेल सुरू झाले. त्यात ४८ पॉड असून प्रारंभी बारा तासांचा किमान दर ९९९ रुपये होता. पॉड म्हणजे एका माणसाला झोपता येईल एवढा बंदिस्त कप्पा. स्नानगृह सामायिक असते. सकाळच्या मुलाखतीसाठी येणाऱ्या एकट्या माणसाला तो पुरतो, परंतु कुटुंबासह येणाऱ्यांची किंवा रुग्णाची त्यात सोय होत नाही.

चोवीस तास की दुपारी बारा?

खोलीचा दर विचारताना 'चेकआउट' कोणत्या पद्धतीने मोजतात, हे विचारणे तितकेच महत्त्वाचे. अनेक जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशेब चालतो. पहाटे पाचला खोली घेतली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे पाचपर्यंत ती ग्राहकाची. काही ठिकाणी मात्र दुपारी बाराला दिवस संपतो. तेथे पहाटे उतरलेल्या प्रवाशाला सात तासांसाठी पूर्ण दिवसाचे भाडे पडू शकते. ऑनलाइन आरक्षणात हा फरक बारीक अक्षरांत दडलेला असतो.

कराचाही हिशेब पाहावा. दिवसाला एक हजार रुपयांपर्यंतची खोली १८ जुलै २०२२ पूर्वी जीएसटीतून मुक्त होती. त्या दिवसापासून तिच्यावर १२ टक्के कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवरील कर पाच टक्के झाला आहे. दीड हजारांच्या खोलीवर पूर्वी १८० रुपये कर पडे, तो आता ७५ रुपये पडतो. कर आकारणाऱ्या लॉजच्या बिलावर जीएसटी क्रमांक असलाच पाहिजे. क्रमांक नसेल, तर कराच्या नावाखाली मागितलेली रक्कम देण्याचे कारण नाही. सेवाशुल्क आपोआप बिलात जोडता येणार नाही, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते योग्य ठरवले.

अनामत रक्कम, जादा गादी, गरम पाणी आणि वातानुकूलन यांचे वेगळे पैसे आहेत का, हे खोली घेण्याआधीच स्पष्ट करून घ्यावे. भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्यावी.

ओळखपत्राचा प्रश्न

२६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यानंतर मुंबईतील लॉजची तपासणी कडक झाली. नोंदवहीत नाव, पत्ता व येण्याचे कारण लिहिणे आणि छायाचित्रासह ओळखपत्र देणे हा आता रिवाजच झाला आहे. परदेशी पाहुण्याची माहिती मालकाने चोवीस तासांत परदेशी नागरिक नोंदणी यंत्रणेला कळवायची असते. पॅनकार्डावर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पारपत्र किंवा आधार यांपैकी एक जवळ ठेवावे.

आधारच द्यायचे असेल, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारे 'मास्क्ड आधार' वापरावे. ते आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येते. प्रतीवर लॉजचे नाव, तारीख आणि 'केवळ मुक्कामासाठी' असा शेरा लिहिण्याची सवय चांगली. पुढे त्या कागदाचा गैरवापर झाल्यास हा शेरा कामी येतो.

खोली नाकारली तर

स्वस्त मुक्कामातील सर्वात कटू अनुभव नकाराचा असतो. 'एकट्या बाईला देत नाही', 'लोकल आयडी चालत नाही', 'लग्नाचा दाखला दाखवा' ही उत्तरे अनेक गल्ल्यांत ऐकू येतात. काही वेळा आडनाव वाचताच खोल्या भरलेल्या असल्याचे सांगितले जाते.

या नकारामागे मोठा इतिहास आहे. १९१७ साली बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जातीमुळे पारशी उतारशाळेतून बाहेर पडावे लागले होते. पुढे राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहांसोबत हॉटेलांचाही स्पष्ट उल्लेख आला. केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून कोणत्याही नागरिकाला तेथे प्रवेश नाकारता येत नाही. अस्पृश्यता पाळून प्रवेश नाकारणे हा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. 'प्रवेशाचा हक्क राखीव' ही पाटी राज्यघटनेपेक्षा मोठी नाही.

अविवाहित सज्ञान जोडप्याने एका खोलीत राहण्यास मनाई करणारा कायदा नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये कोईमतूरच्या एका प्रकरणात नमूद केले. मुंबईत ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-आक्सा परिसरातील हॉटेलांवर छापे घालून पोलिसांनी सुमारे ४० जोडप्यांना ताब्यात घेतले, तेव्हा या कारवाईवर चौफेर टीका झाली होती. तरीही पोलिसी कटकट नको म्हणून अनेक मालक नकार देणेच पसंत करतात. रात्री अकराला सामान घेऊन उभे असताना घटनेचा अनुच्छेद दाखवून खोली मिळतेच असे नाही. म्हणून आपल्याला खोली मिळेल की नाही, हे आरक्षणापूर्वी विचारून उत्तर संदेशात लेखी घ्यावे. तो संदेश पुढे तक्रारीचा पुरावा ठरतो.

खोली पाहताना

पैसे देण्याआधी खोली पाहण्याचा आग्रह धरावा. जुन्या लॉजमध्ये एका मोठ्या दालनाचे प्लायवूडने तुकडे करून खोल्या केलेल्या असतात. अशा खोलीला खिडकी नसते आणि शेजारचे बोलणे स्पष्ट ऐकू येते. गादीच्या शिवणी आणि पलंगाच्या फटी पाहाव्यात. काळे ठिपके दिसले, तर तेथे ढेकूण आहेत असे समजावे. नळ सोडून पाहावा, पाण्याच्या वेळा विचाराव्यात. दाराची आतली कडी मजबूत आहे का, बाहेरून स्वतःचे कुलूप लावता येते का, हेही तपासावे.

पावसाळ्यात वेगळी दक्षता लागते. भिंतीला ओल आणि कुबट वास असलेली खोली रुग्ण, वृद्ध आणि दमेकऱ्यांनी टाळावी. हिंदमाता, किंग्ज सर्कल, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही पाणी साचण्याची नेहमीची ठिकाणे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा शहर जागच्या जागी थांबले होते. सखल भागात तळमजल्यावरील खोली घेऊ नये. दक्षिण मुंबईतील अनेक गेस्ट हाऊस जुन्या उपकरप्राप्त इमारतींत आहेत. त्यांपैकी अतिधोकादायक इमारतींची यादी म्हाडा दरवर्षी पावसाळ्याआधी जाहीर करते. ती पाहून घ्यावी.

जिना किती, दार किती?

स्वस्त लॉजमधील सर्वात मोठा धोका आगीचा. दिल्लीत करोलबाग येथील हॉटेलच्या आगीत १२ फेब्रुवारी २०१९ रोजी १७ जण दगावले. कोलकात्यात बडाबाजार परिसरातील हॉटेलला २९ एप्रिल २०२५ रोजी लागलेल्या आगीत किमान १४ जणांचा बळी गेला, त्यातील बहुतेक धुराने गुदमरले. बंदिस्त इमारतीत ज्वाळांआधी धूर माणसापर्यंत पोहोचतो आणि खिडकी नसलेली खोली सापळा बनते.

महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतील अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र मालकाने दरवर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यायचे असते. ग्राहकाने ते मागायला हरकत नाही. ते मिळाले नाही, तरी खोलीत शिरताना जिने किती आहेत, दुसरा जिना सामानाने अडवला आहे का, खिडकीला न उघडणारी जाळी आहे का, हे पाहायला दोन मिनिटे पुरतात. एकच अरुंद जिना आणि खिडकी नसलेली खोली असेल, तर ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

परळ येथे १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. उपचार महिनोन् महिने चालतात, त्यामुळे लॉजचा रोजचा खर्च औषधांच्या बरोबरीने वाढतो आणि अनेक कुटुंबे अखेर पदपथावर येतात. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती अशा रुग्णांना नाममात्र दरात निवारा देतात. राज्य सरकारनेही २०२१ मध्ये म्हाडाची शंभर घरे या रुग्णांच्या निवाऱ्यासाठी देण्याचा निर्णय घेतला. मागणीच्या मानाने या जागा अपुऱ्या आहेत. म्हणून मुंबईत पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटावे, कारण बहुतेक संस्था रुग्णालयाची कागदपत्रे पाहूनच जागा देतात. लॉज घ्यावेच लागले, तर आठवड्याचा किंवा महिन्याचा दर ठरवावा. तो रोजच्या दरापेक्षा पुष्कळ कमी होऊ शकतो.

तक्रार कोठे करावी?

इंटरनेटवर सापडलेल्या दूरध्वनी क्रमांकावर आगाऊ रक्कम पाठवण्याआधी तो क्रमांक लॉजचाच आहे, याची खात्री करावी. ऑनलाइन फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. बिल किंवा सेवेबाबतची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवता येते. पोलिसांच्या मदतीसाठी ११२ आणि अग्निशमन दलासाठी १०१ हे क्रमांक आहेत. लॉजचा पूर्ण पत्ता, मजला आणि खोलीचा क्रमांक घरी कळवून ठेवावा.