मठाच्या कोठारातील यादी

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात लिहिलेल्या नियमावलीत, गरज पडल्यास मठवासीयांनी पिकाची कापणीही स्वतःच करावी, असे म्हटले आहे. शेती आली म्हणजे विळे-कुदळी आल्या. त्या हरवणेही आले! (आमच्या वाड्यांतूनही कोयत्यापायी अबोले धरले गेले आहेत.) ३१ व्या प्रकरणात अवजारांना वेदीवरील पवित्र पात्रांचा मान दिला आहे. आम्हांला मात्र ३२ वे प्रकरण अधिक मोलाचे वाटते. मठाधिपतीने अवजारांची यादी स्वतःजवळ ठेवावी. बंधूंची पाळी बदलताच काय दिले, काय परत आले, हे ताडून पाहावे. यात कोणी अविश्वास शोधू नये. जेथे कोणाचेच काही खाजगी नाही, तेथे हरवलेला विळा सर्वांचाच हरवतो. आणि मागितलेली वस्तू कोठारात नसेल, तर कोठारप्रमुखाने निदान गोड शब्द तरी द्यावा, हेही ३१ व्या प्रकरणातच नमूद आहे.