प्लेटो : शिकवणाऱ्या यंत्राने जोडलेली माणसे

फेसबुक २००४ साली सुरू झाले, व्हॉट्सअॅप २००९ साली. त्यामुळे दूरदूरच्या शिक्षकांनी पडद्यावर एकमेकांना अडचणी विचारणे ही फार तर वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ती पन्नास वर्षांहून जुनी आहे. विशेष म्हणजे तिची सुरुवात झाली ती एकेकट्या विद्यार्थ्याला यंत्रासमोर बसवून शिकवण्याच्या एका प्रयत्नातून. माणसे जोडण्याचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता.

हा प्रयत्न अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचा. १९६० साली अर्बाना येथे डोनाल्ड बिट्झर या सव्वीस वर्षांच्या विद्युत अभियंत्याने विद्यापीठाच्या इलियाक संगणकाला दूरचित्रवाणीचा पडदा आणि काही कळा जोडून ‘प्लेटो’ ही यंत्रणा उभी केली. (नाव ग्रीक तत्त्ववेत्त्याचे वाटते, पण एका लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरे आहेत.) यंत्र धड्याचे पान दाखवी, प्रश्न विचारी, उत्तर तपासी आणि चुकल्यास मदतीचे पान पुढे करी. पहिल्या वर्षी एका वेळी एकच विद्यार्थी शिकू शके, पुढच्या वर्षी दोन. शिक्षणातील क्रांती म्हणावी असे त्यात अजून काही नव्हते!

खरा पल्ला गाठला तो १९७२ च्या ‘प्लेटो-चार’ने. शेकडो पडदे टेलिफोनच्या तारांनी एकाच मोठ्या संगणकाला जोडायचे होते आणि अडचण होती तारेची. तिच्यातून सेकंदाला जेमतेम १२०० बिट जात. मोबाइलवर काढलेले वीस लाख बाइटचे एखादे छायाचित्र त्या तारेतून पाठवायचे म्हटले, तर साडेतीन तासांहून अधिक वेळ लागेल. यावरचा उपाय बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९६४ मध्येच शोधून ठेवला होता : प्लाझ्मा पडदा. काचेच्या दोन तावदानांमध्ये निऑनयुक्त वायू आणि आडव्या-उभ्या तारांची जाळी. जिथे दोन तारा एकमेकींना ओलांडतात तिथे विजेचा धक्का दिला, की एक नारिंगी ठिपका उजळतो आणि विझवेपर्यंत उजळलेलाच राहतो. पडदाच स्वतःची स्मृती सांभाळतो. त्यामुळे चित्र पुन्हापुन्हा पाठवावे लागत नाही, जो बदल झाला तेवढाच तारेतून जातो. असे ५१२ गुणिले ५१२ ठिपके प्रत्येक पडद्यावर होते.

धडे कोणी लिहायचे? १९६७ मध्ये पॉल टेन्झार या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याने ‘ट्यूटर’ नावाची संगणकभाषा रचली होती. उद्देश असा, की विषय शिकवणाऱ्यालाच आपला धडा लिहिता यावा. रसायन, भौतिकी, भाषा अशा विषयांचे प्राध्यापक धडे लिहू लागले. एका धड्यात तर विद्यार्थी फळमाश्यांच्या जोड्या जुळवी आणि पडद्यावर दिसणाऱ्या संततीवरून आनुवंशिकतेचे नियम शोधी.

आमच्या मते इथूनच खरी गोष्ट सुरू होते. धडा लिहिणारा शिक्षक अडतो. आज्ञा चालत नाही, परवा चाललेला धडा आज चालत नाही, कारण यंत्रणेत मधल्या काळात कोणीतरी बदल केलेला असतो. दोनशे किलोमीटरवरच्या शिकागोतील महाविद्यालयात बसलेल्या शिक्षकाने विचारावे कोणाला? त्यासाठी ‘नोट्स’ नावाची एक सामाईक वही यंत्रणेत उघडी ठेवली होती. आपल्या शिक्षकखोलीत टेबलावर एक वही पडलेली असावी, तशीच. पण तीत एका वेळी एकालाच लिहिता येई. कोणी लिहिले ते नक्की कळत नसे. दुसऱ्याचे लिखाण खोडायलाही काही अडकाठी नव्हती.

१९७३ च्या उन्हाळ्यात टेन्झारने ही वही नीट करण्याचे काम डेव्हिड वूली या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याकडे सोपवले. वूलीने केलेल्या व्यवस्थेत प्रत्येक टिपणावर लिहिणाऱ्याची ओळख, तारीख आणि वेळ आपोआप उमटे. दुसऱ्याला ते पुसता येत नसे. प्रश्न आणि उत्तर एकाच पडद्यावर शेजारी ठेवावेत असे त्याला आधी वाटले होते. पण एका प्रश्नाला अनेकांची उत्तरे असू शकतात हे ओळखून त्याने प्रत्येक टिपणाखाली त्रेसष्टपर्यंत उत्तरांची साखळी जोडण्याची सोय केली. टिपणांचे तीन भाग होते : यंत्रणेच्या घोषणा, मदत आणि सर्वांसाठी खुली चर्चा. पुढे १९७६ च्या जानेवारीत कोणत्याही विषयाचा स्वतंत्र गट काढण्याची सोय आली. कोणी वाचावे, कोणी लिहावे हे गट काढणारा ठरवी.

याच सुमारास आणखी एक गोष्ट झाली, जी शिक्षकाला विशेष मोलाची वाटेल. दोघांना पडद्याच्या तळाशी टंकून बोलता येऊ लागले आणि समोरच्याची इच्छा असेल तर त्याचा पडदा जसाच्या तसा आपल्या पडद्यावर पाहता येऊ लागला. अडलेल्या लेखकाला सल्लागार दुरूनच विचारी, ‘कुठे अडले ते दाखवा पाहू’. विद्यार्थ्यालाही चालू धड्यात थांबून शेरा लिहिता येई. तो लेखकाकडे पोहोचे, धड्यातील नेमक्या जागेसह. आपल्या पाठ्यपुस्तकाच्या लेखकांना अशी सोय असती तर?

सगळे काही सोवळे होते असे मात्र नाही. खुल्या चर्चेत गप्पा, विनोद आणि भांडणेही रंगत. विद्यार्थ्यांनी याच यंत्रणेवर अंतराळयुद्धाचे खेळ रचले आणि रात्र रात्र खेळले.

मग शिक्षणाचे काय झाले? कम्युनिटी महाविद्यालयांतील प्लेटोच्या वापराचे मूल्यमापन एका नामवंत परीक्षासंस्थेने केले. त्याचा अहवाल १९७७ च्या सुमारास आला. विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना यंत्रणा आवडली होती, पण गुणांमध्ये सर्वत्र टिकून राहील असा फरक दिसला नाही. आम्हांला यात नवल वाटत नाही. धडे लिहिणारे शिक्षक एकमेकांकडून काय शिकले, ते विद्यार्थ्यांच्या गुणांच्या तक्त्यात दिसणारच नव्हते.

आता आपल्या गटांकडे पाहू. भिंगाच्या चिन्हसंकेताविषयी एखादी शिक्षिका सकाळी प्रश्न टाकते. दुपारपर्यंत तिघेजण चांगली उत्तरे देतात. संध्याकाळी त्यांवर वाढदिवसाच्या शुभेच्छा, एक परिपत्रक आणि पाच गुच्छ येऊन बसतात. पुढच्या वर्षी दुसरा शिक्षक तोच प्रश्न नव्याने विचारतो आणि ज्याने उत्तर दिले होते तो आता कंटाळलेला असतो. एखाद्या उत्तराला जोडून लिहिण्याची सोय तिथे आहे, शोधण्याचीही आहे. पण प्रश्न हे एक पान आणि त्याची सारी उत्तरे त्याच पानाखाली, ही मांडणी गप्पांच्या साधनात मूळचीच नाही. वूलीच्या वहीत ती होती, कारण ती वही चुका दुरुस्त करण्यासाठी जन्मली होती. शिक्षकांच्या गटाने साधन निवडताना पडदा किती देखणा आहे यापेक्षा हे आधी पाहावे.

ही वही पुढे गेली मात्र भलतीकडेच. इलिनॉयमध्ये प्लेटो वापरलेल्या रे ओझी या विद्यार्थ्याने तिच्यापासून प्रेरणा घेऊन सहकाऱ्यांसह ‘लोटस नोट्स’ ही आज्ञावली तयार केली. ती १९८९ मध्ये बाजारात आली आणि कंपन्यांच्या कार्यालयांत जगभर पसरली. शाळा-महाविद्यालयांच्या वाट्याला मुख्यतः प्लेटोचे धडे आले. ‘नोव्हानेट’ या नावाने ते चालू राहिले आणि २०१५ साली ती सेवाही बंद झाली.