सिराक्यूजचे मासे आणि सजवलेले घर

१/ सजवून दाखवलेले घर आणि प्रत्यक्ष हाती आलेले घर यांतील तफावत ही काही आजच्या बांधकाम व्यवसायाची देणगी नव्हे. दोन हजार वर्षांपूर्वी एका रोमन गृहस्थाने असाच देखावा पाहून मालमत्ता विकत घेतली. त्याची फसगत पुढे कायद्याच्या इतिहासात कायमची नोंदली गेली.

२/ ही हकीकत सिसेरोने सांगितली आहे. इ.स.पू. ४४ मध्ये त्याने अथेन्सला शिकत असलेल्या आपल्या मुलाला उद्देशून ‘दे ऑफिसीस’ म्हणजे ‘कर्तव्यांविषयी’ हा ग्रंथ लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात लाभ आणि नीती यांच्या संघर्षाचा विचार येतो. तेथे सिसेरोने घरखरेदीचीच उदाहरणे घेतली आहेत.

३/ गायस कॅनियस हा रोममधील प्रतिष्ठित वर्गातला, विनोदी आणि बहुश्रुत माणूस. विश्रांतीसाठी तो सिसिली बेटावरील सिराक्यूज नगरीत गेला. मित्रांना बोलवावे, निवांत बसावे, अशी एखादी छोटी बाग विकत मिळाली तर हवी आहे, असे तो चारचौघांत बोलू लागला.

४/ ही वार्ता पिथियस नावाच्या सावकाराच्या कानी गेली. आपली बाग विकाऊ नाही, परंतु कॅनियसने ती आपलीच समजून वापरावी, असे सांगून त्याने दुसऱ्या दिवशीच्या भोजनाचे निमंत्रण दिले. विकायला उत्सुक असलेल्या माणसाने विकायचे नाही असे म्हणावे, ही त्या देखाव्याची पहिली पायरी होती.

५/ दुसरी पायरी समुद्रावर रचली गेली. सावकार असल्यामुळे गावात सर्व थरांतले लोक पिथियसच्या शब्दाला मान देत. त्याने कोळ्यांना बोलावून घेतले आणि उद्या आपल्या बागेसमोरच मासेमारी करा, म्हणून सांगितले. कोणी काय करायचे, हेही ठरवून दिले.

६/ कॅनियस भोजनाला आला तेव्हा मेजवानी थाटाची होती आणि समोरच्या पाण्यात होड्यांची गर्दी होती. एकेक कोळी येई आणि पकडलेले मासे पिथियसच्या पायाशी टाकी. चकित झालेल्या पाहुण्याला पिथियसने समजावले, की सिराक्यूजमधले सारे मासे येथेच मिळतात आणि या जागेवाचून कोळ्यांचे चालत नाही.

७/ कॅनियसने विकत देण्याची गळ घातली. पिथियसने आढेवेढे घेतले आणि शेवटी होकार दिला. श्रीमंत आणि उतावळ्या खरेदीदाराने मागितली ती किंमत कबूल केली, बाग आतल्या सामानासकट घेतली आणि रकमेची नोंद हिशेबाच्या वहीत पक्की झाली.

८/ दुसऱ्या दिवशी त्याने मित्रांना बोलावले व स्वतः लवकर येऊन पाहिले. समुद्र मोकळा होता. होडी तर सोडाच, वल्हे अडकवण्याची खुंटीसुद्धा दिसेना. आज कोळ्यांचा काही सण आहे काय, असे त्याने शेजाऱ्याला विचारले. सण नाही, पण येथे कधी कोणी मासे धरत नाही, म्हणून कालच्या गर्दीचेच नवल वाटले, असे उत्तर मिळाले.

९/ कॅनियस संतापला, परंतु त्याला दाद मागता येईना. बाग खरी होती, समुद्र खरा होता, मासेही खरे होते. कपटाविरुद्ध खटला चालवण्याची पद्धत तेव्हा रोमन न्यायव्यवस्थेत नव्हती. ती पुढे गायस अक्विलियस या विधिज्ञाने घालून दिली. इ.स.पू. ६६ मध्ये तो आणि त्याचा स्नेही सिसेरो दोघेही प्रेटर या न्यायाधिकारपदावर होते.

१०/ कपट म्हणजे काय, याची अक्विलियसची व्याख्या अत्यंत आटोपशीर होती: दाखवायचे एक आणि करायचे दुसरेच. या व्याख्येला खोट्या शब्दांची गरज नाही. रचलेले दृश्यही तिच्या कक्षेत येते. पिथियसचा गुन्हा नेमका याच जातीचा होता.

११/ पण विक्रेत्याने काहीच रचले नाही, केवळ मौन पाळले तर? सिसेरोने त्यासाठी दुसरे घर कल्पिले. बाहेरून ते निरोगी वाटते, प्रत्यक्षात रोगट आहे. निजण्याच्या खोल्यांतून साप निघतात, लाकूड निकृष्ट आहे आणि इमारत पडायला आली आहे. हे सारे एकट्या मालकाला ठाऊक आहे.

१२/ येथे दोन स्टोइक तत्त्वज्ञांचे मतभेद त्याने मांडले. बॅबिलोनचा डायोजिनिस विक्रेत्याच्या बाजूचा: विकत घेण्याची कोणी सक्ती केलेली नाही, निर्णय खरेदीदाराचा आहे, आणि रोगट घर विकणे आहे अशी दवंडी कोणता शहाणा पिटवील? टार्ससचा अँटिपॅटर विरुद्ध मताचा: जाणूनबुजून दुसऱ्याला चुकू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही वाईट.

१३/ सिसेरोने कौल अँटिपॅटरच्या बाजूने दिला. त्याचे म्हणणे असे, की प्रत्येक मौन म्हणजे लपवणे नव्हे. मात्र आपल्याला ठाऊक असलेली आणि समोरच्याला कळणे हिताचे असलेली गोष्ट स्वतःच्या लाभासाठी दडवून ठेवणे, हे लपवणेच होय.

१४/ हा वाद केवळ तत्त्वज्ञांचा नव्हता. रोमच्या सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेंटुमालसचे घर होते. शकुन पाहणाऱ्या पुरोहितांच्या दृष्टीआड ते येत असल्याने उंच भाग पाडण्याचा हुकूम त्याला मिळाला. त्याने हुकूम दडवून घर विकायला काढले. ते कॅल्पर्नियस लानारियसने घेतले आणि पाडकामही त्याच्याच नशिबी आले.

१५/ हुकूम विक्रीच्या आधीचा होता, हे कळताच कॅल्पर्नियसने दावा लावला. न्यायकर्ता होता मार्कस केटो, पुढे सीझरचा कट्टर विरोधक ठरलेल्या केटोचा पिता. विक्रेत्याला ठाऊक होते आणि त्याने सांगितले नाही, म्हणून नुकसान त्यानेच भरून द्यावे, असा निर्णय झाला. जुन्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्यात उच्चारलेल्या शब्दाचीच जबाबदारी होती. येथे न उच्चारलेल्या शब्दाचीही जबाबदारी विक्रेत्यावर आली.

१६/ भारतात हीच विभागणी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये दिसते. विक्रेत्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष त्याने उघड केला पाहिजे. परंतु हे बंधन खरेदीदाराला सामान्य दक्षता घेऊनही न कळणाऱ्या दोषापुरते आहे. डोळे उघडे ठेवले असते तर दिसला असता, असा दोष खरेदीदाराच्या माथी राहतो.

१७/ स्थावर संपदा अधिनियम, २०१६, म्हणजे ‘रेरा’, याचे कलम १२ पिथियसच्या होड्यांच्या अधिक जवळ जाते. जाहिरात, माहितीपत्रक किंवा नमुना सदनिका यांवर विसंबून पैसे भरले आणि त्यातील चुकीच्या वा खोट्या माहितीमुळे नुकसान झाले, तर प्रवर्तकाने भरपाई द्यावी. खरेदीदाराला व्यवहारातून बाहेर पडायचे असेल, तर पूर्ण रक्कम व्याजासह परत करावी.

१८/ सजावट करणे हा मात्र अपराध नाही. घर झाडून, दिवे लावून, फुले ठेवून दाखवणे यात फसवणूक नसते. ताज्या रंगाने भिंतीची ओल झाकली, आटोपशीर पलंग मांडून खोली मोठी भासवली, की प्रश्न उभा राहतो. खरेदी होते भिंतीची, नळाची, चटई क्षेत्राची. पलंग आणि पडदे बहुधा पाहुणेच असतात.

१९/ कॅनियसने अखेर योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. शेजाऱ्याला काही विकायचे नव्हते, म्हणून त्याने पहिल्याच वाक्यात खरे सांगितले. पाणी किती वेळ येते, पावसाळ्यात कोणती भिंत ओली होते, हे आजही शेजारीच सांगतो. कॅनियसने तेवढे विचारायला एक दिवस उशीर केला. मालकाने बोलावलेल्या दिवशीच तो गेला आणि मालकाने दाखवलेल्या दिशेलाच पाहत राहिला.