भूकंपशांतीच्या पोथ्या व तेरचा पुरावा

भूकंप हा उत्पात मानून त्याची शांति सांगणारीं प्रकरणें जुन्या पोथ्यांत आढळतात. तीं पाहून, प्राचीनांनीं कारणाचा शोध न करितां केवळ प्रार्थनेवर भिस्त ठेविली, असा आक्षेप घेण्यांत येतो. तो कितपत टिकतो, हें धाराशिव जिल्ह्याच्या अनुभवावरून पाहण्याचें येथें योजिलें आहे.

वराहमिहिर हा इसवी सनाच्या ६ व्या शतकांतील ग्रंथकार. त्याच्या बृहत्संहितेंतील भूकंपलक्षणाध्यायांत आरंभींच कारणाविषयीं चार मतें दिलीं आहेत: जलांतील महाप्राण्याची हालचाल, भारानें शिणलेल्या दिग्गजांचा विसावा, वायूवर वायु आदळून होणारा आघात, आणि अदृष्ट. भटोत्पलाच्या टीकेंत हीं मतें अनुक्रमें काश्यप, गर्ग, वसिष्ठ व वृद्धगर्ग यांचीं म्हणून सांगितलीं आहेत. कारणाचा विचार होत होता व मतभेद लपविला जात नव्हता, एवढें यावरून सिद्ध होतें. पुढें दिवसाचे व रात्रीचे चार चार भाग करून ते वायु, अग्नि, इंद्र व वरुण यांस वांटून दिले आहेत.

आतां शके १९१५ कडे वळूं. भाद्रपद शुद्ध चतुर्दशीस गणेशविसर्जन करून लोक निजले होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील सास्तूर, होळी, राजेगांव हा टापू हादरला. हजारों माणसें दगावलीं. वराहमिहिराच्या विभागणीनें ही वेळ वरुणाची ठरते. परंतु इतकीं माणसें कां मेलीं, याचें उत्तर तींत नाहीं. तें घरांच्या बांधणींत आहे. मातींत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती व वर मातीचें जड माळवद, हीं दोन्ही निजलेल्यांवर कोसळलीं.

भूमि कां हलली, हें भूशास्त्र सांगतें. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत आशियाच्या भूखंडास रेटतो. तो ताण काळ्या खडकाखालील जुन्या भेगांवर सांचतो व कधीं तरी सुटतो. तथापि हें शास्त्रही त्या वेळीं सावध नव्हतें. ऑक्टोबर १९९२ मध्यें किल्लारीस धक्के बसले असतांही, भूकंपाच्या नकाशांत हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागांत होता. पूर्वींच्या मोठ्या भूकंपाची नोंद हातीं नव्हती, हें त्याचें एक कारण. पुढें तेरणेच्या कांठीं तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील गाळांत सुमारें १५०० वर्षांपूर्वींच्या भूकंपाच्या खुणा संशोधकांस आढळल्या. २००२ च्या सुधारणेंत पहिला विभाग रद्द होऊन किल्लारीचा भाग तिसऱ्यांत गेला.

तेरची भूमि बोलली. कागद मात्र मुका राहिला. तो सर्वस्वी मुका आहे काय, हें संग्राहकांनीं ठरवावयाचें आहे. शांतिकर्माच्या आरंभीं संकल्प असतो. त्यांत संवत्सर, मास, तिथि व स्थळ यांचा उच्चार होतो. एखाद्या प्रयोगाच्या पोथींत, कोऱ्या पानावर वा समासांत प्रत्यक्ष केलेल्या भूकंपशांतीची तिथि कोणीं टिपून ठेविली असल्यास, ती त्या गांवच्या भूकंपाची साक्षच होय. प्रार्थनेनें भूमि स्थिर झाली कीं नाहीं, हा वाद बाजूस ठेवावा. केवळ कर्मकांड म्हणून अशीं पानें रद्दींत टाकूं नयेत. त्यांवरील तिथि, शक व गांव यांची यादी करून ती भूशास्त्रज्ञांपुढें ठेवावी. पुढील घरें कशीं बांधावींत, या प्रश्नाशीं तिचा संबंध आहे.