लुगडं उरतं, नेसणं जातं

नाटकाच्या ड्रेपरीचा धंदा करणाऱ्याला सगळ्यात जास्त ऐकू येणारी मागणी म्हणजे "जुन्या काळातलं काहीतरी द्या." जुना म्हणजे कुठला, असं विचारलं की समोरचा गोंधळतो. शिवकाल, पेशवाई, टिळक-आगरकरांचा काळ, सगळं एकाच ट्रंकेत असतं अशी समजूत दिसते. आमचं हे पुण्यातलं दुकान सासऱ्यांनी काढलेलं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी पगड्या, अंगरखे, शेले आणि नऊवाऱ्यांमध्ये वावरते आहे. शाळांची स्नेहसंमेलनं, नाट्यस्पर्धा, गणपतीतले देखावे आणि अलीकडे लग्नातली 'पेशवाई थीम', सगळ्यांना कपडे पुरवले. पुरवण्याआधी ते खरे कसे होते हे बघायची खोड सासूबाईंनी लावली. त्या खोडीपायी संग्रहालयं पाहिली, जुनी चित्रं पाहिली. आपण ज्याला परंपरागत पोशाख म्हणतो त्यातला मोठा भाग कुणातरी चित्रकारानं, नटानं किंवा सिनेमावाल्यानं हाताशी असलेल्या कापडातून रचलेला आहे, हे त्यातून माझ्या मनात पक्कं बसलं. यात त्यांचा कमीपणा नाही. त्यांनी हे कशावरून रचलं, ते मात्र आपण विसरत चाललो आहोत.

राजा रविवर्म्यापासून सुरुवात करावी लागते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी पौराणिक चित्रं काढायला सांगितली तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न आमच्यासारखाच उभा राहिला असणार : हिला नेसवायचं काय? पुराणं गुणरूप सांगतात, निऱ्या किती ते सांगत नाहीत. तो उत्तरेत हिंडला, माणसांचे पोशाख पाहिले, आणि शेवटी त्याच्या अनेक नायिकांच्या अंगावर आलं ते मराठी पद्धतीचं, काष्ट्याचं लुगडं. पुढे १८९४ साली मुंबईत त्याचा छापखाना निघाला आणि ती चित्रं स्वस्तात घरोघरी गेली. बायकांनी तर त्या छापील देवींच्या अंगावर खरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवले. कागदावरच्या लक्ष्मीला घरातल्या घरात लुगडं नेसवलं गेलं. असं नटवलेलं चित्र मी पाहते तेव्हा ते काम करणाऱ्या अनोळखी बाईला मी आमच्या धंद्यातलीच मानते. शंभर वर्षांनी मात्र त्याच चित्राकडे बोट दाखवून माझं गिऱ्हाईक म्हणतं, "देवीचा पोशाख अस्साच असतो." तो असा असतो, कारण रविवर्म्यानं त्याच्या काळातल्या मराठी बाईकडे नीट पाहिलं होतं.

मग येतात रंगभूमीवर बायकांच्या भूमिका करणारे बालगंधर्व. त्यांच्याबद्दल लिहिताना माझा हात आखडत नाही. बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस १९०५ साली किर्लोस्कर मंडळीत आले, १९११ साली 'मानापमान'मध्ये भामिनी झाले, १९१३ साली त्यांची स्वतःची गंधर्व नाटक मंडळी निघाली. त्यांच्या शालू-पैठण्या खऱ्या असत, दागिन्यांतही नकली चालत नसे, आणि त्या हौसेपायी मंडळी कर्जातही बुडाली. लोक खर्चाबद्दल बोलतात, मी नेसण्याबद्दल बोलते. त्यांची छायाचित्रं भिंग लावून पाहावीत. पदर खांद्यावरून किती खाली सोडायचा, निऱ्यांचा काठ पावलावर कसा पडू द्यायचा, बसताना ओचा कुठे सरकवायचा, यातलं काहीही सैल नाही. भामिनी श्रीमंत घरची, आणि तीच पुढे वनमाला होऊन साध्या वेषात येते. १९१९ च्या 'एकच प्याला'तल्या सिंधूवर तर दळण दळायची पाळी आलेली. श्रीमंती आणि गरिबी दोन्ही लुगड्यातूनच दाखवायची होती, आणि नुसतं कापड बदलून ते साधत नाही. जात्यावर बसणारी बाई काष्टा वेगळा खोचते, पदर कमरेला आवळते.

पुरुषानं बायकांचं नेसणं इतकं निरखून उचललं की पुढे घरंदाज बायका ते त्यांच्याकडून परत घेऊ लागल्या. त्यांच्यासारखा पदर, त्यांच्यासारखा गजरा, त्यांच्यासारखं काठांचं जुळवणं. नाटक पाहून आल्यावर आरशासमोर उभ्या राहणाऱ्या बायकांच्या आठवणी सासूबाईंनी त्यांच्या आईकडून ऐकल्या होत्या. २०११ साली 'बालगंधर्व' चित्रपट आला आणि त्याच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. काम देखणं होतं. त्यानंतर आमच्याकडे "त्या सिनेमातल्यासारखी" नऊवारी मागायला मुली आल्या. खऱ्या बायकांवरून नटानं घेतलं, नटाच्या छायाचित्रांवरून सिनेमानं, सिनेमावरून मुलींनी. इतके हात लागूनही निऱ्या निऱ्याच राहिल्या, कारण दर टप्प्यावर कुणीतरी नेसवणारी हजर होती.

आणखी एक मोठं नाव वेशभूषाकार भानू अथैया यांचं. त्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. वडील अण्णासाहेब चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या सिनेमाशी जोडलेले. बाबूराव स्वतः नाटकाचे पडदे रंगवत रंगवत सिनेमात आले. चित्र, पडदा आणि पोशाख कोल्हापुरात एकाच अंगणात वाढले म्हणायला हरकत नाही. भानूताई मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, १९५३ साली प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटाच्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, मग मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करता करता त्या सिनेमाकडे वळल्या. 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्यासह १९८३ साली त्यांना ऑस्कर मिळालं, भारतातलं पहिलं, हे शाळकरी मुलांनाही पाठ असतं. मला त्यांचं १९६६ चं 'आम्रपाली' जास्त मोलाचं वाटतं.

त्या चित्रपटातल्या वैजयंतीमालेच्या पोशाखासाठी भानूताईंनी अजिंठ्याच्या भिंती वाचल्या. कमरेखाली अंतरीय, छातीवर बांधलेली पट्टी, वर नुसतं उत्तरीय, कमरेला मेखला. कापड कमी, रचना मात्र भक्कम. नाचताना ते सुटू नये म्हणून आतून टाचून घ्यावंच लागतं, आणि टाचलेलं बाहेर दिसलं की सगळा खेळ संपतो. अजिंठ्याच्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आहेत, हंसांच्या ओळींचं कापड आहे, अंग दिसेल इतकं झिरझिरीत वस्त्र आहे, आणि शिवलेले अंगरखेही आहेत. म्हणजे आपल्याकडे शिवण मुसलमानी अमलातच आली, हे जे ठासून सांगितलं जातं ते त्या भिंतीच खोडून काढतात.

आता काळाचा हिशेब पाहा. आम्रपाली बुद्धाच्या वेळची, वैशालीची. अजिंठ्याची ती गाजलेली चित्रं वाकाटकांच्या काळातली, इसवी सनाच्या पाचव्या शतकातली. मधे जवळजवळ हजार वर्षं. आम्रपालीच्या काळचं एकही चित्र आपल्यापाशी नाही, तेव्हा भानूताईंनी जवळात जवळचं भक्कम साधन धरलं, आणि ते योग्यच केलं. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही दुसरं काय केलं होतं? बुद्धाच्या आणि जातकांतल्या माणसांना त्यांनी आपल्या काळचे कपडे घातले. म्हणून तर आज आपल्याला वाकाटककाळचा पोशाख कळतो. 'आम्रपाली'नंतर मात्र ती पट्टी आणि ते अंतरीय 'प्राचीन भारताचा पोशाख' म्हणून इतकं रुळलं की शकुंतला असो, द्रौपदी असो, संमेलनात मुलींना तेच हवं असतं. त्यांच्या कष्टाचं फळ राहिलं आणि त्यामागचं बघणं गळून पडलं, याचं मला वाईट वाटतं.

पुरुषांच्या पोशाखाबद्दल थोडक्यात सांगते. शिवरायांच्या काळातली, गोवळकोंड्याकडच्या कलमातली आणि डचांच्या संग्रहात गेलेली चित्रं आज छापून मिळतात. त्यांत पायघोळ जामा आहे, कमरेला पटका आहे. पेशवाईसाठी जेम्स वेल्स आहे. हा स्कॉटिश चित्रकार १७९२ साली पुण्यात आला आणि त्यानं सवाई माधवराव आणि नाना फडणवीस समोर बसवून रंगवले. त्या चित्रात पांढरी मलमल आणि मोती आहेत. आपल्याकडे 'पेशवाई' म्हटलं की मरून मखमल आणि तिच्यावर इंचभर सोनेरी लेस लागते. मी गिऱ्हाइकाला वेल्सचं चित्र दाखवते. बहुतेक जण म्हणतात, "हे फार साधं दिसतं हो." जाम्याचे बंद कुठल्या बाजूला, यालाही मुघल दरबारात अर्थ होता : मुसलमान उजवीकडे बांधत, हिंदू डावीकडे. आम्ही मागे वेल्क्रो लावतो, कारण दोन प्रवेशांमध्ये नटाला मिनिटभरही मिळत नाही. ते मला मान्य आहे. पण पुढून खोटे का होईना, बंद योग्य बाजूलाच शिवायचे, हा आमच्या दुकानाचा नियम आहे.

बायकांसाठी वेल्ससारखा साक्षीदार नाही. पेशवाईतल्या घरातल्या बायका समोर बसवून काढलेली चित्रं फार थोडी. त्यामुळे मला जास्त आधार वाटतो तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाचा आणि विसाव्याच्या सुरुवातीचा. म. वि. धुरंधर हे त्यातले माझे गुरू. कोल्हापुरात जन्मलेला, जे. जे. मध्ये शिकून तिथेच शिकवणारा हा माणूस बाई कुठल्या जातीची, कुठल्या कामाची, हे तिच्या नेसण्यावरून सांगू शकत होता. कोळीण गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेली, पाठारे प्रभूंची बाई वेगळी, ब्राह्मणाची वेगळी, शेतावरची आणखी वेगळी. लुगडं मात्र तेच, नऊ वारांचं. त्यांची रेखाटनं शेजारी ठेवली की नेसण्याचा एक नकाशाच उलगडतो.

आणि आता तो नकाशा पुसला जातो आहे. २०१५ साली 'बाजीराव मस्तानी' आला आणि काशीबाईच्या नऊवारीनं बाजार भरून गेला. अंजू मोदी आणि मॅक्सिमा बसू यांचं काम नेत्रसुखद होतं. मराठी मुली लग्नात पुन्हा काष्टा मिरवू लागल्या, खणाला दिवस आले, पैठणीला गिऱ्हाईक वाढलं, याचा मला मनापासून आनंद आहे. येवल्याच्या विणकराच्या घरात त्यामुळे चार पैसे जातात. पण बाजाराला घाई असते, म्हणून शिवलेली नऊवारी आली. कमरेला इलॅस्टिक, निऱ्या शिवून टाकलेल्या, काष्टा मागे पक्का. पायजम्यासारखी चढवायची. दुकानात मीही त्या ठेवते. पाचवीतल्या वीस मुली पंधरा मिनिटांत तयार करायच्या असतील तर दुसरा इलाज नाही.

मात्र शिवलेल्या नऊवारीत ओचा नसतो. ओचा म्हणजे पोटापाशी सोडलेला तो झोळीसारखा भाग. शेतातल्या शेंगा त्यात, फुलं त्यात, भाजी त्यात. नेसलेल्या लुगड्यात काष्टा कामाप्रमाणे आवळता येतो, सैल सोडता येतो. चालण्यात ऐट येते ती त्या ओढीमुळे. लावणी नाचणाऱ्या बायका आजही स्वतः नेसतात, आवळून, पायाच्या प्रत्येक ठेक्याचा विचार करून. त्यांना शिवलेली देऊन पाहा, हातात धरणार नाहीत. शिवलेल्या नऊवारीत सगळ्या बायका एकसारख्या दिसतात. धुरंधरांना तिच्यावरून बाईबद्दल काहीही सांगता आलं नसतं.

लुगडं घडी घालून कपाटात ठेवलं की नेसणं संपतं. अंगरखा शिवलेला असतो, तो दोनशे वर्षांनी उसवून पाहिला तरी त्याची कापणी कळते. लुगडं म्हणजे सरळ कापड. काठ बघून ते इरकल की महेश्वरी की नारायणपेठ हे सांगता येईल, रुईफुली काठ ओळखता येईल, पण ते कमरेला कुठे खोचलं जात होतं हे त्या कापडावर लिहिलेलं नसतं. आमच्या शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात जुनी वस्त्रं आहेत, मी विद्यार्थ्यांना आवर्जून तिकडे पाठवते. ते परत येऊन विचारतात, "पण हे नेसायचं कसं?" त्याचं उत्तर काचेच्या कपाटात नसतं, ते कुणाच्या तरी हातात असतं. भानूताईंना अजिंठ्याची भिंत मिळाली, रविवर्म्याला रस्त्यातली बाई मिळाली, बालगंधर्वांना घरातल्या बायका मिळाल्या. उद्या कुणाला आपल्या काळातलं नाटक करायचं असेल, आपल्या आजीचं पात्र रंगवायचं असेल, तर त्याला काय मिळणार?

म्हणून वाचणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरात नऊवारी नेसणारी आजी, मावशी, आत्या, कामाला येणाऱ्या मावशी, कुणीही असेल तर त्यांना नेसताना मोबाइलवर चित्रित करून ठेवा, पहिल्या गाठीपासून शेवटचा काष्टा खोचेपर्यंत. गडबड करू नका, त्या हातानं काय करतात ते नीट दिसू द्या आणि त्या काय बोलतात तेही घ्या. पेटीतलं लुगडं कापून उशीचे अभ्रे किंवा परकर शिवायचे असतील तर त्याआधी त्याचा काठ-पदराचा फोटो काढा, आणि कागदावर लिहा : कुणाचं, कुठल्या गावचं, कुठल्या पेठेतून आणलेलं, कशासाठी घेतलेलं. कागद त्या कापडातच सुईनं टाचा. आणि कुणाला कुठलं नेसणं आठवत असेल पण दाखवायला कुणी सापडत नसेल, तर जवळच्या कुठल्याही ड्रेपरीवाल्याकडे जाऊन त्याला ते शिकवा. आम्ही पैसे मागणार नाही, उलट चहा पाजू.