यंत्राचे माप, माणसाची साक्ष

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आणि भिलवडी अशी दोन स्थानके लागतात. पहिलीचे नाव निघाले की लोखंड आठवते, दुसरीचे निघाले की दूध. एका ठिकाणी यंत्र घडविण्याची विद्या रुजली, दुसऱ्या ठिकाणी घरोघरचे दूध पारखून घेऊन दूरवर पाठविण्याची. या दोन विद्यांची गाठ जिथे पडते, त्या धंद्याविषयी आज आम्हांस बोलावयाचे आहे. त्यास प्रयोगशाळा-स्वयंचलन असे जडजंबाल नाव आहे. प्रयोगशाळेत जे काम पूर्वी माणसाचा हात आणि डोळा करीत असे, ते यंत्राकडून करवून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. आम्ही स्वतः या धंद्यात वावरलेले आहोत. म्हणून त्याचा इतिहास सांगताना थोडी कबुलीही द्यावी लागेल.

सामान्य समज असा की, यंत्र आले म्हणजे माणसाचा हात गेला, आणि हात गेला म्हणजे लबाडीही गेली व चूकही गेली. इतिहास मात्र निराळे सांगतो.

दुधाचेच उदाहरण घेऊ. दुधात पाणी घालण्याची कला दूध विकण्याइतकीच जुनी असावी. ती पकडण्यासाठी लॅक्टोमीटर आला. दुधात पाणी मिसळले की त्याचे विशिष्ट गुरुत्व उतरते आणि काचेची नळी अधिक खोल बुडते. युक्ती नामी होती. पण माणूस तिच्याहून नामी निघाला. दुधावरची साय काढली की विशिष्ट गुरुत्व चढते. तेव्हा आधी साय काढावयाची आणि मग बेताने पाणी घालावयाचे. डिग्री बरोबर भरते आणि दूध मात्र लुटलेले असते. मापाने खोटे सांगितले नव्हते. त्याला जे विचारले गेले तेवढ्याचेच उत्तर त्याने दिले होते.

खरा प्रश्न, म्हणजे दुधात स्निग्धांश किती, तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीट विचारला गेला. अमेरिकेत स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली आपली रीत प्रसिद्ध केली आणि तिचे एकस्व न घेता ती सर्वांस खुली ठेवली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये निकलाउस गर्बर यांनी दुसरी रीत बसविली. आपल्याकडील डेअऱ्यांत रुळली ती हीच. काचेच्या ब्युटिरोमीटरमध्ये १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर १०.७५ मिलिलिटर दूध आणि १ मिलिलिटर अमाईल अल्कोहोल घालावयाचे. बूच लावून हलवावयाचे. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांच्या गतीने चार-पाच मिनिटे फिरवावयाचे. आणि ६५ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात ठेवून वर आलेला पिवळा थर वाचावयाचा.

भिलवडीस १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी दुग्धव्यवसाय मांडला. पुढे या साऱ्या कृष्णाकाठी डेअरीला दूध घालणे हा घरोघरचा व्यवहार झाला, आणि ‘फॅट किती लागली?’ हा प्रश्न क्षेमकुशलाच्या प्रश्नाइतका नित्याचा झाला. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो. दूध दर दहा दिवसांनी देते. मीठमिरची, मुलांची फी, दवाखाना हे सारे त्या दहा दिवसांच्या बिलावर चालते, आणि ते बिल त्या पिवळ्या थराच्या उंचीवर ठरते. एक-दोन दशांशांचा फरक प्रयोगशाळेत किरकोळ वाटतो. दोन म्हशींच्या दारात तो किरकोळ नसतो.

परंतु रोज शेकडो नमुने येऊ लागले की हात शिणतो. आम्लाने कातडी भाजते, बूच निसटते, डोळा थकला की रेघ वर-खाली दिसते. हीच अडचण इस्पितळांतही आली होती. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे लेनर्ड स्केग्ज या शास्त्रज्ञाने १९५० नंतरच्या काळात तिच्यावर तोड काढली. रक्ताचे नमुने निरनिराळ्या नळ्यांत न ठेवता त्यांनी एकाच बारीक नळीतून एकामागून एक वाहते केले, आणि ते परस्परांत मिसळू नयेत म्हणून मध्ये मध्ये हवेचे बुडबुडे सोडले. बुडबुडा नमुने वेगळे ठेवी आणि जाता जाता नळीची भिंतही पुसून काढी. १९५७ साली ‘ऑटो-अ‍ॅनलायझर’ या नावाने हे यंत्र बाजारात आले. पुढे जपानमधील कोची येथे डॉ. मासाहिदे सासाकी यांनी १९८० नंतरच्या वर्षांत नमुने सरकत्या पट्ट्यावरून यंत्राकडून यंत्राकडे नेणारी सबंध प्रयोगशाळाच उभारली. रसायन जाणणारा, यंत्र जाणणारा आणि विद्युत्-गणित जाणणारा, असे तिघे एका माणसात असावेत अशी गरज निर्माण झाली. आमच्या धंद्याचा जन्म तो हा.

दुधाकडेही हीच लाट आली. १९६० नंतरच्या दशकात डेन्मार्कमध्ये फॉस यांच्या कारखान्याने दुधाचा परीक्षक काढला. दुधातील प्रथिनांची आडकाठी एका द्रावणाने दूर करावयाची, स्निग्ध कण सारखे बारीक करावयाचे आणि त्यांतून जाणारा प्रकाश किती विखुरतो ते मोजावयाचे, असे त्याचे तत्त्व. भारतात जयपूर येथे १९८१ साली राजस्थान इलेक्ट्रॉनिक्स अँड इन्स्ट्रुमेंट्स ही संस्था स्थापन झाली आणि अशी यंत्रे येथेच तयार होऊन गावोगावच्या संकलन केंद्रांत पोचली. आम्ल गेले, भाजणे गेले. आकडा काही सेकंदांत उमटू लागला.

आता कबुली. या भागातल्या एका केंद्रावर आम्ही असे यंत्र बसविले होते. थंडीचे दिवस होते. आठवडाभरात कुरबुर सुरू झाली. एक वृद्ध बाई रिकामी किटली हाती घेऊन आमच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सायेब, म्हस तीच, वैरण तीच, मग फॅट कुठं गेली वो?” आम्ही त्यांना यंत्राची अचूकता समजावून सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली. पण प्रश्न मागे घेतला नाही.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या पहाटे तेच नमुने आम्ही गर्बरच्या जुन्या रीतीने तपासले. बाईंचे म्हणणे खरे होते. गार दुधात साय वर धरून बाटलीच्या कडेला चिकटत होती, आणि यंत्राची नळी खालचे पातळ दूध ओढून घेत होती. यंत्राने आपल्या पोटात आलेले दूध अचूक मोजले होते. त्याच्या पोटात काय यावे हे पाहण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नव्हते. त्यानंतर नमुना सुमारे ४० अंशांपर्यंत कोमट करून, उलटसुलट करून मगच यंत्राला द्यावयाचा. रोज सकाळी आधी माहीत असलेल्या दुधाने यंत्राची परीक्षा घ्यावयाची. वीस नमुन्यांत एक गर्बरने ताडून पाहावयाचा, असा नियम घातला. गाईच्या दुधावर जुळविलेले यंत्र म्हशीच्या दाट दुधासाठी वेगळे जुळवावे लागते, हेही तेव्हापासून विसरलो नाही. बिलातील फरक चालकांनी भरून दिला. आमच्या उतावळ्या उत्तराची भरपाई मात्र कशाने करणार?

ही चूक एका केंद्रापुरती होती. असाच धडा सबंध द्राक्षपट्ट्याला २०१० साली मिळाला. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा अंश सापडला. आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी जे वापरतात, तेच हे औषध. तिकडील मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅमची, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. माल अडला, भाव कोसळले, कर्ज काढून बागा उभ्या केलेल्यांचे हाल झाले. आश्चर्य हे की, निर्यातीपूर्वी द्राक्षे प्रयोगशाळांत तपासली जात होती, आणि तेथील यंत्रे उत्तम होती. परंतु ज्या औषधांचे अंश शोधावयाचे त्यांच्या यादीत हे नावच नव्हते. लॅक्टोमीटरची गोष्ट अशी शंभर वर्षांनी पुन्हा घडली. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणतेच यंत्र देत नाही. पुढे ते नाव तपासणीत आले; पण त्या हंगामाची किंमत बागायतदाराने मोजली.

यावरून यंत्रांविषयी अविश्वास धरावा असे आमचे म्हणणे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते असे शेतकरी म्हणत, आणि नांगर पडून राहिले. पुढे १९१० साली औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर त्यांनी कारखाना वसविला आणि त्या नांगराचे नाव दूरवर झाले. शेतकऱ्याचे मन पालटले ते व्याख्यानाने नव्हे. शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना आणि पीक येताना त्याने पाहिले म्हणून. नांगर उघड्यावर चालतो. त्याची साक्ष सर्वांस दिसते. प्रयोगशाळेतील यंत्र मात्र बंद पेटीत चालते, आणि शेतकऱ्याच्या हाती केवळ आकडा येतो. म्हणूनच त्याची साक्ष देण्याची जबाबदारी यंत्रज्ञावर पडते.

या तालुक्यातील पुष्कळ मुले आज अभियांत्रिकी शिकतात, आणि त्यांतील काही या धंद्यात येतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की, यंत्र जुळविताना शेजारी जुनी रीत जिवंत ठेवा, पडताळ्याचे कागद मागेल त्याला दाखवा, आणि तक्रार घेऊन आलेल्या माणसास यंत्राची अचूकता सांगण्याआधी त्याचा नमुना पुन्हा तपासा. त्या बाईंनी आम्हांस विचारलेला प्रश्न कोणत्याही क्रमिक पुस्तकात नाही. पण या धंद्यातली आमची पहिली खरी परीक्षा तीच होती, आणि तीत पहिल्या दिवशी आम्ही नापास झालो होतो.